नऊ कबरी आणि पूर्वेची लाईन

साडेपाच फूट खणून झालं आणि खाली काहीच नव्हतं.

पेटी नाही, फळीचा तुकडा नाही, हाड नाही. गणपत मुकादम खड्ड्यात उभा होता. त्याने कुदळ बाजूला टेकवली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ही कोरी जमीन हाय. इथं कोन पुरलेला न्हाय."

खड्ड्याच्या टोकाशी सिमेंटचा पांढरा क्रूस होता. त्यावर नाव होतं, करुणा साळवे. वय एकोणीस. तिथून पाच पावलांवर प्लास्टिकच्या खुर्चीत करुणाची आई बसली होती. मांडीवर घडी घातलेली पांढरी चादर. बावीस वर्षांपूर्वी पुरलेल्या लेकीला न्यायला ती घरून धुतलेली चादर घेऊन आली होती.

मी तेव्हा सरकारी रस्त्यांच्या कामावर ज्युनियर इंजिनिअर होतो. माझं गाव भिवंडीजवळचं कोन, म्हणजे कामाची जागा घरापासून जवळच. राहनाळच्या बाजूला शेतांत एकामागून एक गोडाऊन उभी राहत होती आणि चाळीस फुटी ट्रेलर जुन्या बैलगाडीच्या रस्त्यावरून चालले होते. रस्ता रुंद करायचा ठरला. रस्त्याच्या कामात आधी 'अलाइनमेंट' ठरते. म्हणजे रस्ता नेमका कुठून जाणार त्याची रेघ. ही रेघ कागदावर ओढायला दोन मिनिटं लागतात. जमिनीवर आणताना त्या रेघेत कुणाचं कुंपण येतं, कुणाची बोअरवेल येते, कुणाचं देऊळ येतं. माझ्या रेघेत ख्रिस्ती दफनभूमीची पट्टी आली. भिंतीपासून आत बारा फूट. त्या पट्टीत कबरींची पहिली ओळ होती. नऊ कबरी.

माझे वरिष्ठ कुलकर्णीसाहेब. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"दुसऱ्या बाजूला सरका ना," ते म्हणाले.

"दुसऱ्या बाजूला हायटेन्शनचा टॉवर आहे, साहेब."

"मग त्यांच्याशी बोला. परवानग्या मी आणतो. लोकांना तयार तुम्ही करा. तुम्ही इथले आहात."

मी इथला होतो हे खरं. पण त्या दफनभूमीच्या फाटकातून मी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही आत गेलो नव्हतो.

रविवारी उपासना संपल्यावर मी चर्चच्या हॉलमध्ये गेलो. चाळीसेक कुटुंबांची मंडळी. बहुतेक नगरकडून नोकरीसाठी येऊन नारपोलीत, कल्याण रोडला स्थायिक झालेली. मराठी बोलणारी, आपल्यासारखीच. मी नकाशा टेबलावर पसरला आणि सगळं सांगितलं. हॉलमध्ये एकदम गलका उडाला. एक तरुण वकील उठला. "स्टे आणतो," म्हणाला. मला ते अपेक्षित होतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उभी राहिली. सत्तरीला आलेली, उंच, पांढरं पातळ, केस घट्ट बांधलेले. पाळकसाहेब, म्हणजे या चर्चचे धर्मगुरू, माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "साळवे सिस्टर. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. प्रसूतीच्या वॉर्डात."

"तुमच्या नऊमध्ये माझी मुलगी आहे," सिस्टर म्हणाल्या. वकिलाला नाही, मला. "चौथी कबर. या रस्त्यावर ट्रेलरमध्ये अडकलेल्या रिक्षात मी दोन बाळंतपणं केली आहेत. एक मूल वाचलं, एक नाही वाचलं. रस्ता होऊ दे."

वकील हळूच खाली बसला.

"पण माझ्या दोन अटी आहेत. कबर उघडताना मी तिथे असणार. आणि काम ईस्टरच्या आत संपवायचं."

ईस्टर काय असतं ते मला धड माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनी समजावलं. प्रभू येशूला शुक्रवारी वधस्तंभावर मारलं, कबरेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बायका कबरेकडे गेल्या तर ती रिकामी. तो मेलेल्यांतून उठला, असा यांचा विश्वास. आणि एक दिवस त्याच्यावर विश्वास ठेवून मेलेले सगळे तसेच उठतील, हाही. म्हणून दर ईस्टरला ही मंडळी उजाडायच्या आधी दफनभूमीत जमतात आणि आपल्या माणसांच्या कबरींमध्ये उभं राहून सूर्य उगवायची वाट बघतात.

मी मान डोलावली. त्या सगळ्यातलं मला कामाचं एकच वाटलं, डेडलाईन. हातात पाच आठवडे होते.

दोन आठवड्यांत परवानग्या आल्या. कबर उघडायची तर आरोग्य खात्याचा माणूस लागतो, दोन पंच लागतात, पंचनामा लागतो. सगळी जुळवाजुळव करून एका सकाळी सात वाजता आम्ही सुरुवात केली. सिस्टरांनी सांगितलं, "माझ्यापासून सुरुवात करा. बाकीच्यांना धीर येईल." म्हणून चौथी कबर पहिली उघडली. आणि ती रिकामी निघाली.

इथे मातीबद्दल थोडं सांगतो. जमीन एकदा खणून बुजवली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. वरची काळी माती आणि खालचा पिवळा मुरूम मिसळतात. त्याला आम्ही भराव म्हणतो. शंभर वर्षांनीही खणलं तरी भराव ओळखता येतो. या खड्ड्यात वर पुराचा गाळ, त्याखाली काळी माती, त्याखाली मुरूम, सगळे थर जागच्या जागी होते. गणपत म्हणाला ते बरोबर होतं. या जागेला कधी कुदळ लागलीच नव्हती.

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. पंच एकमेकांत कुजबुजायला लागले. एका आईला मी काय सांगणार होतो? की बावीस वर्षं तुम्ही जिथे फुलं वाहिलीत तिथे तुमची मुलगी नाही?

सिस्टर खुर्चीतून उठल्या. चादर तशीच छातीशी धरून खड्ड्याच्या काठाशी आल्या आणि वाकून आत बघत राहिल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे वळल्या.

"भोईर, रिकामी कबर बघून घाबरायचं नसतं. निदान आमच्यात तरी." त्यांच्या डोळ्यांत मिश्किली होती. "पण माझी करुणा अजून उठलेली नाही, हे मला ठाऊक आहे. उठली असती तर आधी घरी आली असती. तुमचं माप चुकलंय. पुन्हा घ्या."

मी त्या बाईकडे पाहत राहिलो. माझ्या नोकरीत मला पुष्कळांनी माप चुकल्याचं सांगितलं होतं. असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी काम थांबवलं आणि पाळकसाहेबांना विचारलं, "पुरलेल्यांची काही नोंद असते का?"

चर्चमधून एक जाड, कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर आलं. दोन हजार पाचच्या पुरात खालची कपाटं भिजली होती, हे वरच्या फळीवर असल्याने वाचलं होतं. जुन्या कुणा राखणदाराने फार नेटकेपणाने लिहिलं होतं. करुणाच्या नावापुढे होतं: पहिली ओळ, चौथी, रस्त्याच्या भिंतीपासून डोकं तीन फूट.

मी टेप घेतला आणि भिंतीपासून क्रूसापर्यंत मोजलं. नऊ फूट.

"सिस्टर, क्रूस डोक्याशी लावतात की पायाशी?"

"आमच्याकडे डोक्याशी. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला."

"नेहमी?"

"नेहमी."

"का?"

"म्हणजे उठून बसलं की तोंड पूर्वेला येतं. प्रभू पूर्वेकडून येणार. आमची माणसं त्याच्याकडे पाठ करून नाही झोपत."

वॉर्डातली खाट कुठल्या भिंतीला लावायची ते सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं.

मी टेप हातात धरून उभा राहिलो आणि सगळं डोक्यात जुळलं. दफनभूमीच्या पश्चिमेला रस्त्याची भिंत. भिंतीपासून तीन फुटांवर डोकं. माणूस सहा फुटांचा धरला तर पाय नऊ फुटांवर. तीन अधिक सहा, नऊ. म्हणजे आत्ताचे क्रूस डोक्याशी नव्हते, पायाशी होते. आम्ही क्रूसापासून पूर्वेकडे खणलं होतं. खणायला हवं होतं पश्चिमेकडे.

पाळकसाहेबांना तेव्हा आठवलं. पुरात सगळे क्रूस आडवे झाले होते, वर हातभर गाळ. बाहेरगावच्या मंडळीतली तरुण पोरं मदतीला आली आणि त्यांनी ते पुन्हा उभे केले. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव वाचता यावं म्हणून त्यांनी क्रूस आतल्या पायवाटेच्या कडेला लावले. पायवाट तेव्हा पूर्वेला होती, नंतर ती गवतात बुजली. चांगल्या मनाने केलेली चूक होती.

गणपतने क्रूसाच्या दुसऱ्या बाजूला खणायला सुरुवात केली. वरचा गाळ निघताच काळ्या मातीत पिवळा मुरूम मिसळलेला दिसला. भराव.

"हाय, साहेब," गणपत हळूच म्हणाला. "हितं हाय."

चार फुटांनंतर सिस्टरांनी कुदळ बंद करायला लावली. "आता हाताने," म्हणाल्या. गणपत आणि त्याची दोन माणसं थापीने माती काढायला लागली. थोड्या वेळाने कुजलेल्या लाकडाच्या रेषा दिसल्या. मग हाडं. मी हे आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्यात माणूस जळतो आणि दुसऱ्या दिवशी मडक्यात मावेल एवढा खाडीत सोडतात. दोन वर्षांपूर्वी माझी बायको सुनंदा काविळीने गेली. मी तिला सोडून घरी आलो, तिचं कपाट बंद केलं आणि तिचं नाव घरात घेणं थांबवलं. मुलगी मनीषा अकरावीत होती. तीही घ्यायची थांबली. आमचं बरं चाललंय असं मी सगळ्यांना सांगायचो.

सिस्टर खड्ड्यात उतरल्या. सत्तरीची बाई, साडेचार फूट खोल. मी नको म्हणालो तर त्यांनी नुसता हात पुढे केला, धरा म्हणून. खाली बसून त्यांनी पदर खोचला आणि आधी डावा हात शोधला. कोपराच्या खालचं एक हाड उचललं, त्यावरून अंगठा फिरवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"हे बघा."

मी वाकलो. हाडाच्या मध्यावर एक जाड गाठ होती.

"आठ वर्षांची असताना चिंचेच्या झाडावरून पडली. प्लास्टर मीच लावलं. हाड मोडून पुन्हा जुळतं ना, तिथे ते असं जाड होतं. उरलेल्या हाडापेक्षा तिथे जास्त मजबूत." त्यांनी गाठीवर अंगठा टेकवला. "हीच."

त्यांनी ते हाड गालाला लावलं. रडल्या नाहीत. नुसत्या डोळे मिटून बसल्या. वरून एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला. गणपतने डोक्यावरचा रुमाल कधी काढला होता कोण जाणे.

मग त्यांचं काम सुरू झालं. चादर खड्ड्याशेजारी पसरली होती. त्या एकेक हाड नाव घेऊन वर द्यायच्या आणि मी चादरीवर ठेवायचो. मांडीचं. नडगीचं. फासळ्या, डाव्या बारा, उजव्या बारा. मणके एकामागून एक. ड्युटीवर असल्यासारख्या. मनगटात आठ बारीक हाडं असतात, हे मला तेव्हा कळलं. उजव्या मनगटाची आठ मिळाली. डाव्याची सातच.

"वाळूची चाळणी आहे ना तुमच्याकडे?"

साईटवर वाळू चाळायची मोठी जाळी होती. ती आणली. खड्ड्यातली माती घमेल्याघमेल्याने चाळली. ऊन चढलं. आठवं हाड सापडेना. कुलकर्णीसाहेबांचे दोन फोन येऊन गेले.

शेवटी न राहवून मी विचारलं. "सिस्टर, राग मानू नका. तुमचा देव मातीतून माणूस उठवणार, असं तुम्ही म्हणता. मग एका हाडाने काय बिघडतं?"

"त्याचं काही बिघडत नाही. त्याला मोजायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मी आई आहे. मी मोजणार."

आणखी थोडी माती चाळली. मग त्यांनी त्याच जागची मूठभर माती उचलली, मनगटाशी ठेवली आणि म्हणाल्या, "यात असेल. चला, बांधा."

चादर बांधताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

"मुलगी."

"आणि तिची आई?"

"नाही."

"नाव काय होतं?"

दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कसं झालं, केव्हा झालं, कुठल्या दवाखान्यात, सगळं विचारलं होतं. नाव नाही. मी चादरीची गाठ दोनदा आवळली.

"सुनंदा," मी म्हणालो.

"छान नाव आहे," सिस्टर म्हणाल्या. 'होतं' म्हणाल्या नाहीत.

पुढच्या चार दिवसांत बाकीच्या आठ कबरी उघडल्या. रजिस्टरच्या मापाने सगळ्या जिथल्या तिथे सापडल्या. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आलं. सिस्टर रोज हजर. ज्यांना बघवत नव्हतं त्यांच्या वतीने त्याच खाली उतरायच्या. जो वकील स्टे आणणार होता त्याच्या आजोबांची सहावी कबर. तो काठाशी बसून हुंदके द्यायला लागला तेव्हा सिस्टर खालून म्हणाल्या, "अरे, रडतोस काय. तुझ्या आजोबांची पाठ बघ किती ताठ आहे अजून." तो रडता रडता हसला.

आता नवीन जागा. दफनभूमीच्या मागच्या बाजूला मोकळी पट्टी होती. ऑफिसात कुलकर्णीसाहेबांनी स्केच पुढे ओढलं.

"हाडं एवढीशीच असतात. अडीच फुटी पेट्या करा. एकच मोठा खड्डा घ्या, नऊ पेट्या एकावर एक बसतील. वर एक चबुतरा, नऊ नावं. काम संपलं."

"तसं नाही चालणार, साहेब."

"का?"

"ते उठणार आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "काय?"

"त्यांचा तसा विश्वास आहे. प्रत्येकाला पूर्ण लांबीची जागा लागेल. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. हाडंसुद्धा तशीच मांडायची आहेत. सहा बाय अडीच, नऊ जागा. मी मोजलंय, पट्टीत बसतं."

साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी चेष्टा करतोय का, हे पाहत असावेत. मलाही जरा आश्चर्य वाटलं, कारण मी चेष्टा करत नव्हतो. हे वाक्य मी ड्रेनेजच्या उताराबद्दल बोलावं तसं बोललो होतो.

"बसतं ना? मग करा," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा लावला.

मार्किंगच्या दिवशी मी थिओडोलाइट घेऊन गेलो. थिओडोलाइट म्हणजे तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण, तिने कोन मोजतात. रस्त्याचं वळण, पुलाचा खांब, सगळं तिच्यावर ठरतं. कंपासने उत्तर घेतली. भिवंडीत कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांत नाव घेण्यासारखा फरक नाही, त्यामुळे ते सोपं गेलं. नव्वद अंश फिरवले की पूर्व. मी पहिली खुंटी ठोकणार, तोच मला थांबावंसं वाटलं.

"सिस्टर, पूर्व कुठली धरू? नकाशातली पूर्व आणि सूर्य उगवतो ती पूर्व एक नाही. सूर्य वर्षभर सरकतो. डिसेंबरात दक्षिणेकडे, जूनमध्ये उत्तरेकडे."

त्यांनी हे आधी ऐकलं नसावं. पण लगेच म्हणाल्या, "ईस्टरला उगवतो ती."

"ईस्टरची तारीखही दर वर्षी बदलते, पाळकसाहेब सांगत होते."

"मग यंदाचा धरा. यंदा तुम्ही आहात मोजायला."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी सूर्याच्या कोनांचा तक्ता घेऊन हिशेब मांडला. खऱ्या पूर्वेपासून सात अंशांच्या आसपास उत्तरेकडे. दोनदा ताळा घेतला. मनीषा समोर येऊन बसली.

"बाबा, कुठल्या रस्त्याचं आहे?"

"रस्त्याचं नाही," मी म्हणालो. मग तिला सगळं सांगितलं. खड्डा, चादर, मनगट, आठवं हाड. ती ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "त्या बाईंनी तुझ्या आईचं नाव विचारलं."

मनीषा उठून आत गेली. मला वाटलं चुकलं आपलं. ती सुनंदाच्या कपाटाची किल्ली घेऊन आली. किल्ली इतके दिवस तिच्याकडेच होती. मला माहीत नव्हतं. आम्ही कपाट उघडलं आणि झोपायची वेळ होईपर्यंत साड्यांच्या घड्या काढून तिच्या आईबद्दल बोलत बसलो. कुठली कधी घेतली, कुठली तिला आवडायची नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी लाईन टाकली. नऊ कबरींच्या अठरा खुंट्या. रस्त्याच्या सेंटरलाईनला आम्ही जेवढी चूक चालवून घेतो त्याच्या निम्मीसुद्धा मी त्या दिवशी चालवून घेतली नाही. गणपत म्हणाला, "साहेब, रेल्वेचा रूळ टाकताव का?" खड्डे झाले, पूर्ण लांबीच्या पेट्या आल्या. सिस्टरांनी आणि पाळकसाहेबांच्या पत्नीने नऊही माणसं पेट्यांत मांडली. पेट्या उतरल्या, माती लोटली, क्रूस यावेळी डोक्याशी उभे राहिले. ईस्टरला पाच दिवस बाकी होते.

ईस्टरला पहाटे या, असा सिस्टरांचा निरोप आला. मी मनीषाला घेऊन गेलो. फटफटायला लागलं होतं. मंडळी आधीच जमली होती, हातात मेणबत्त्या, लहान मुलं खांद्यावर. आम्ही मागे उभे राहिलो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी एक गाणं म्हटलं. मग सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. पूर्वेला गोडाऊनची पत्र्याची छपरं, त्यामागे आभाळ तांबडं होत चाललेलं.

खरं सांगायचं तर मी घड्याळ बघत होतो. माझा हिशेब बरोबर आला का, एवढंच माझ्या मनात होतं.

छपरांच्या मधल्या फटीतून सूर्याची कड वर आली. ऊन आधी क्रूसांच्या टोकांना लागलं. नऊच्या नऊ, एकाच क्षणी. मग ते क्रूसांवरून खाली उतरलं आणि कबरींच्या ताज्या मातीवर आलं. समोरच्या छपराची सावली मागे हटत होती तसं ऊन डोक्याकडून छातीकडे, छातीकडून पायांकडे सरकत गेलं. इकडे नाही, तिकडे नाही, अगदी लाईनीत. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून कुणीतरी हळूहळू पांघरूण काढावं, तसं.

मी तीस वर्षं लाईनी टाकल्या. रस्ते, गटारं, पूल. माझ्या लाईनीवरून पाणी वाहिलं, गाड्या गेल्या. पण मी आखलेल्या रेघेवरून उजेड चालत आलेला मी त्याच दिवशी पाहिला. मनीषाने माझा हात धरला. लोक एकमेकांना, प्रभू उठला आहे, असं सांगत मिठ्या मारत होते. काही रडत होते, पण ते रडणं मी आमच्या घरी ऐकलं होतं तसलं नव्हतं.

सिस्टर चौथ्या कबरीपाशी उभ्या होत्या. वाकून त्यांनी मातीवर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि काहीतरी पुटपुटल्या. मग आमच्याकडे आल्या. मनीषाला जवळ घेतलं.

"तिला काय म्हणालात?" मनीषाने विचारलं. मी विचारायचं धाडस केलं नसतं.

"काही नाही गं. रात्रपाळीला निघताना तिला म्हणायचे, तेच. झोप, मी येते."

मी ख्रिस्ती झालो नाही. सिस्टरांनी कधी व्हा म्हटलंही नाही. पुनरुत्थान कसं होतं, हाडांचं काय होतं, राखेचं काय होतं, यातलं मला आजही काही कळत नाही. एकदा मी त्यांना विचारलं होतं, खाडीत सोडलेल्यांचं काय. त्या म्हणाल्या, "ज्याने खाडी केली त्याला ती चाळता येत नसेल का?" एवढं मात्र खरं की मृत्यू म्हणजे फाईल बंद, असं जे मी धरून चाललो होतो, ते त्या पहाटेनंतर तितकंसं पक्कं राहिलं नाही. घरात सुनंदाचं नाव रोज निघायला लागलं. मनीषा पुढे नर्सिंगला गेली. ते तिचं तिने ठरवलं.

रस्ता पावसाळ्याआधी खुला झाला. चार वर्षांनी सिस्टर गेल्या. पाळकसाहेबांनी मला फोन करून विचारलं, लाईन तीच धरायची ना. मी जाऊन चौथ्या कबरीच्या पायाशी, त्याच लाईनीत, त्यांच्यासाठी खुंट्या ठोकून आलो.

कामाचा शेवटचा नकाशा मात्र साहेबांनी परत पाठवला होता. प्रत्येक नकाशावर कोपऱ्यात उत्तर दाखवणारा एक बाण असतो. मी दफनभूमीच्या जागी आणखी एक बाण काढला होता, पूर्वेकडे, किंचित उत्तरेला कललेला.

"हा दुसरा बाण कसला?" साहेबांनी विचारलं.

"पुढे कुणी खणलं तर त्याला कळावं, साहेब, ही माणसं कुठे बघतायत."

साहेबांनी थोडा विचार केला आणि सही केली. तो नकाशा रेकॉर्डला आहे.

नवीन पोरं सर्व्हेला जाताना माझ्याकडे येतात, काही टिप्स द्या म्हणतात. मी एकच सांगतो. जमिनीच्या वर जे दिसतं ते पुष्कळदा कुणीतरी नंतर, अंदाजाने उभं केलेलं असतं. त्यावरून मोजू नका. ज्यांनी आपलं माणूस तिथे ठेवलं, त्यांनी ते कशाच्या भरवशावर ठेवलं, हे आधी विचारा. माप त्यावरून बरोबर येतं.